स्पर्शपेटीच्या नोंदी

१२ जानेवारी

हाताने चाचपून खेळायच्या वस्तूंची ही पेटी कोणासाठी, ते आज पक्कं केलं. तीन ते सहा वर्षांची मुलं. काहींना अजिबात दिसत नाही, काहींना उजेड-अंधार कळतो, काहींना जवळ धरलेला रंग दिसतो. ब्रेलची ओळख व्हायच्या आधीची ही वर्षं. डोळस मूल या वयात बसल्या जागी शिकत असतं. दार कोणी उघडलं, चेंडू कुठे गेला, बूट कसा घालतात, हे सगळं त्याच्या नजरेला आयतं मिळतं. न दिसणाऱ्या मुलाला मात्र हाताला लागेल आणि कानावर पडेल तेवढंच मिळतं. चेंडू घरंगळला आणि आवाज थांबला, की त्याच्या लेखी चेंडू संपला. म्हणून पेटीचं पहिलं काम वस्तू हाताशी आणून ठेवायचं. शिकवायचं काम त्यानंतरचं.

दुपारी इकडून तिकडून जमवलेले तयार नमुने टेबलावर मांडले. बाई आल्या होत्या. बाई जन्मापासून अंध आहेत आणि लहान मुलांना ब्रेल शिकवण्यात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली आहेत. या प्रकल्पात शेवटचा शब्द त्यांचाच राहील, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलंय. त्यांच्या हातात पहिला नमुना दिला: जाड कागदावर घराचं उठावाचं चित्र. त्यांनी दोन्ही तर्जन्या कडेकडेने फिरवल्या आणि म्हणाल्या, "वर त्रिकोण, खाली चौकोन, त्यात आणखी एक लहान चौकोन. बरं, घर कुठाय?"

त्रिकोण म्हणजे लांबून दिसणारं छप्पर. लहान अंध मुलाने छपराला कधी हात लावलेला नसतो. त्याचं घर म्हणजे दाराची कडी, पायाखाली बदलणारी फरशी, आत शिरल्याबरोबर वेगळा घुमणारा आवाज. कागदावरची रेघ कितीही उंच केली तरी तिच्यात यातलं काही येत नाही. डोळ्यांसाठी काढलेल्या चित्राला नुसता उठाव दिला, तर ते डोळ्यांसाठीचंच चित्र राहतं. असं काहीही आमच्या पेटीत येऊ द्यायचं नाही. सुरुवात हातापासून करायची.

१९ जानेवारी

हात वस्तू कशी ओळखतो, यावर सुझन लेडरमन आणि रॉबर्टा क्लाट्झकी यांचं १९८७ सालचं काम प्रसिद्ध आहे. पोत कळून घ्यायचा तर माणूस बोट आडवं घासतो. कठीण की मऊ हे दाबून बघतो. गार की कोमट, त्यासाठी हात नुसता टेकवतो. वजनासाठी वस्तू उचलून तोलतो. एकूण आकार मुठीत धरून समजतो, आणि नेमका आकार हवा असेल तर कडेने बोट फिरवतो.

या सहा हालचाली फळ्यावर लिहून जमवलेले नमुने त्यांच्यासमोर मांडले. बहुतेक सगळे एकट्या शेवटच्या हालचालीवर उभे. लहान मुलाला तीच सगळ्यात जड जाते, कारण बोट एका वेळी एकच तुकडा वाचतं. आधी काय लागलं ते लक्षात ठेवायचं, पुढचं त्याला जोडायचं आणि मनात अख्खी वस्तू उभी करायची, एवढं काम त्यात आहे. मुठीत मावणाऱ्या वस्तूचा आकार मात्र एका दमात कळतो.

त्यामुळे क्रम असा ठरला: आधी खऱ्या वस्तू, मग मुठीत मावणारे भरीव आकार, मग पोताच्या पट्ट्या, मग पाटीतून अर्धवट वर आलेले अर्धउठावाचे आकार, आणि रेघांची चित्रं सगळ्यात शेवटी. काही मुलांच्या बाबतीत रेघांची चित्रं या पेटीत येणारही नाहीत, आणि त्यात काही बिघडत नाही.

सुतारकाकांना एक गोष्ट लगेच पटली. ते म्हणाले, सगळे आकार लाकडाचेच का? धातू हातातली उष्णता चटकन ओढून घेतो म्हणून गार लागतो, लाकूड तसं करत नाही. एकाच मापाचे दोन गोळे, एक लाकडाचा आणि एक स्टीलचा, एवढ्या एका जोडीत तापमान, वजन आणि आवाज असे तीन फरक मिळतात. पेटीतली पहिली जोडी काकांची.

२ फेब्रुवारी

पोताच्या जोड्या. छपाई आणि कापाकापी सांभाळणाऱ्या दादाने गोल चकत्या कापून आणल्या होत्या. दिसायला फार सुबक. बाईंनी दोन-तीन चाचपल्या आणि बाजूला ठेवल्या. बोट सरकायला लागतं न लागतं तोच कड येते, त्यामुळे पोत कळण्याआधी गोलाईच कळते. त्यांच्या म्हणण्याला शास्त्राचाही आधार आहे. साधारण ०.२ मिमीपेक्षा बारीक पोत बोट स्थिर ठेवून नीट कळत नाही. बोट सरकलं की त्वचेत कंप उठतात आणि मेंदू त्या कंपांवरून पोत ओळखतो. सरकायला जागा हवीच. आता लांबट पट्ट्या करतोय, तीन बोटं शेजारी-शेजारी ठेवून वरून खाली नेता येतील अशा.

पॉलिश पेपरबद्दल बराच वेळ बोललो. तो अशा साधनांत हमखास असतो, कारण सहज मिळतो आणि नंबरानुसार खरखरीतपणा ठरलेला असतो. ६० नंबर भरड, २४० बारीक. पण मूल पुन्हापुन्हा घासतं आणि बोटाची टोकं हुळहुळी होतात. ज्या बोटांनी पुढे ब्रेल वाचायचंय ती आतापासून घासून काढण्यात काही अर्थ नाही, असं बाई स्पष्टच म्हणाल्या. ६० नंबर काढून टाकला. भरड पोतासाठी गोणपाट, काथ्याची चटई आणि कॉर्डुरॉय. पॉलिश पेपर फक्त बारीक नंबरांचा, आणि तोही एकाच जोडीत.

जोड्या लावायला देताना आधी फार वेगळे पोत द्यायचे: मखमल आणि काथ्या. तिथे हात बसला की जवळचे पोत: फेल्ट आणि मखमल. एकदम सगळ्या पट्ट्या पुढे ओतल्या तर मूल गोंधळतं, कारण सगळं एकदम समोर दिसण्याची सोय त्याला नाही. दोनच पट्ट्या, दोन हातांखाली.

१० फेब्रुवारी

गरम गोंदाने चिकटवलेल्या कडांना टणक पुळ्या राहतात. डोळ्यांना त्या दिसतही नाहीत, पण बोट नेमकं तिथेच अडकतं आणि मुलाला वाटतं, हीच पट्टीची खूण. पांढरा गोंद, वर वजन, रात्रभर वाळवणं. वेळ लागेल. लागू दे.

२३ फेब्रुवारी

आज मुलांबरोबर बसलो. एक चार वर्षांची मुलगी, मुठी घट्ट मिटलेल्या. बाईंनी तिच्या हाताला हात लावलाच नाही. जमिनीवर पातळ प्लायवूडचा तक्ता अंथरला होता, खाली कडेने पट्ट्या ठोकून थोडा उचललेला. तक्ता असा अधांतरी असला की त्यावर काहीही हललं तरी आवाज आणि थरथर दोन्ही मुलापर्यंत पोचतात. डेन्मार्कच्या लिली नील्सन यांनी ही युक्ती रूढ केली, आणि मुलाने आपणहून हात पुढे करावा यासाठी इतकं साधं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही. बाईंनी त्यावर एक मोठं पितळी कुलूप ठेवलं आणि बोटाने हलकेच ढकललं. मुलीचं डोकं कलतं झालं. काही वेळाने तिची एक मूठ सुटली आणि बोटांच्या पाठीने तिने तक्ता चाचपायला सुरुवात केली.

कुलूप सापडल्यावर तिने ते आधी ओठांना लावलं. मग वजन घेतलं, दोन्ही हातांत धरलं, दांडीत बोट घातलं. बाईंनी आपला हात तिच्या हाताखाली सरकवला, म्हणजे बाई काय करतायत ते तिला त्यांच्या हातावरून कळत होतं, आणि वाटेल तेव्हा हात काढून घ्यायची मोकळीक तिच्याकडे होती. किल्ली भोकात गेली, फिरली, दांडी खट्कन वर आली. मुलगी दचकली, हसली आणि म्हणाली, "परत." मग पुन्हा "परत." शेवटी कुलूप कानाला लावून तिने विचारलं, "आत कोणेय?"

हात खालून द्यायचा, वरून धरायचा नाही, हा नियम पेटीच्या माहितीपत्रकात पहिल्या ओळीत जाईल. अंध मुलाचा हात पकडून वस्तूवर दाबणं म्हणजे डोळस मुलाची मान धरून तोंड वळवणं. दुसऱ्या एका मुलाला लोकरीचा गोळा नको होता. हात लागताच त्याने तो पाठीमागे लपवला. ते नको म्हणणं ऐकायचं. त्याच्यासाठी लोकर कापडी पिशवीत घालून दिली. वरून दाबली तेव्हा चालली. आत हात घालायचा की नाही, ते तो ठरवेल.

६ मार्च

थोडंफार दिसणाऱ्या मुलांचा विचार वेगळा करावा लागतो, आणि अशी मुलं पूर्ण अंध मुलांपेक्षा संख्येने जास्त असतात. त्यांच्यासाठी स्पर्शाच्या जोडीला रंग लागतो. काळ्या पाट्यांवर पिवळं, पांढऱ्यावर गडद निळं. फिक्या लाकडावर फिकं फेल्ट नको. चकचकीत प्लास्टिकचं आवरणही नको, दिव्याखाली त्यावर चमक येते आणि उरलीसुरली नजरही वाया जाते.

काही मुलांचे डोळे ठीक असतात, पण मेंदूचा बघण्याचा भाग दुखावलेला असतो. अशी मुलं पुष्कळदा एकाच ठळक रंगाकडे ओढली जातात, लाल किंवा पिवळा, आणि वस्तू हलली तर पटकन हेरतात. पसाऱ्यात मात्र हरवतात. त्यांच्यातली बरीच मुलं वस्तूकडे एकदा बघतात, मान वळवतात आणि मगच हात पुढे करतात. बघणं आणि धरणं एकदम जमत नाही. पालकांना वाटतं, याचं लक्षच नाही. हे पत्रकात ठळक लिहायला हवं, कारण तो हात येईपर्यंत थांबलं पाहिजे आणि आपण तेवढं थांबत नाही.

१५ मार्च

आज दिवसभर ब्रेल. पेटी ब्रेल शिकवणार नाही, पण ब्रेल आजूबाजूला असायला हवं. डोळस मुलाला वाचता येण्याआधी हजारदा अक्षरं दिसलेली असतात. अंध मुलाच्या बोटाखाली शाळेत जाईपर्यंत एकही ठिपका आलेला नसतो, आणि मग पहिल्याच दिवशी त्याच्याकडून वाचनाची अपेक्षा होते. म्हणून पेटीतल्या प्रत्येक खणावर, प्रत्येक पट्टीच्या पाठीवर ब्रेलमध्ये नाव. शेजारी छापील अक्षरही, म्हणजे आई-वडील आणि भावंडं अडणार नाहीत. लेगोच्या २०२० मध्ये आलेल्या ब्रेल विटांवरही ठिपक्यांच्या जोडीला छापील अक्षर असतं. डोळस आणि अंध मूल एकाच डावात बसू शकतं, ही त्यातली खरी किंमत.

मग सहा भोकांचा मोठा ठोकळा. डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६. खुंट्या बसवून अक्षर तयार करायचं. असा ठोकळा सगळीकडे वापरतात आणि जागांचे नंबर पाठ करायला तो चांगलाच आहे. त्याच्या मर्यादेबद्दल मात्र बाई ठाम आहेत. लुई ब्रेलपुढे शार्ल बार्बिये यांची बारा ठिपक्यांची पद्धत होती. त्यातलं एक चिन्ह बोटाच्या टोकाखाली मावत नसे, बोट वरखाली करावं लागे. ब्रेलने १८२४ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, ते सहावर आणलं. त्यामुळे चिन्ह एका स्पर्शात बोटाखाली मावू लागलं. सहा ठिपक्यांतून ६३ वेगवेगळी चिन्हं होतात. आता हेच चिन्ह आपण तळहाताएवढं केलं, तर बोटाला पुन्हा प्रवास करावा लागतो आणि एका स्पर्शात ओळखण्याचा सराव होतच नाही. मोठ्या ठोकळ्यावर तरबेज झालेलं मूल खऱ्या ब्रेलसमोर अडतं, ते यामुळे.

मग ठोकळा काढून टाकायचा का? नाही, ठेवला, पण त्याच्या खालच्या पट्टीवर तेच अक्षर खऱ्या मापात. ठिपक्याची उंची सुमारे अर्धा मिमी, दोन ठिपक्यांच्या मध्यांत साधारण २.५ मिमी, पुढच्या चिन्हापर्यंत ६ मिमीच्या आसपास. एक हात ठोकळ्यावर, दुसरा पट्टीवर. लहान मुलांची बोटं बारीक असतात, खरं माप त्यांना मुळीच लहान पडत नाही. 'मुलं लहान म्हणून ठिपके मोठे' हा डोळसांचा विचार.

अक्षरांचा क्रम वर्णमालेप्रमाणे ठेवायला बाईंनी नकार दिला. द, ह आणि ज ही तिन्ही अक्षरं वरच्या चार जागांतल्या तीन ठिपक्यांची. द म्हणजे १-४-५, ह म्हणजे १-२-५, ज म्हणजे २-४-५. कोपरा फिरला की अक्षर बदललं. इ आणि ए तर एकमेकांची आरशातली रूपं: २-४ आणि १-५. अशी अक्षरं एकापाठोपाठ एक दिली तर गोंधळ हमखास. सुरुवात अ, क, ल यांपासून करायची: अ म्हणजे नुसता पहिला ठिपका, क म्हणजे १-३, ल म्हणजे १-२-३. तिन्हींचे ठिपके डाव्या ओळीतच.

एक गोष्ट मुलांच्या सोयीची आहे. ब्रेलमध्ये मात्रा व्यंजनानंतरच येते. 'कि' छापताना वेलांटी आधी येते, ब्रेलमध्ये आधी क आणि मग इ. जसं बोलतो तसं.

प्रत्येक पाटीचा उजवीकडचा वरचा कोपरा काकांनी तिरका कापला. पाटी सुलटी आहे की उलटी, हे मुलाला कोणाला विचारावं लागू नये. दादाने ठिपक्यांची पट्टी त्रिमितीय छपाईने केली. पट्टी आडवी ठेवून छापली तेव्हा ठिपक्यांवर थरांच्या पायऱ्या राहिल्या, उभी धरून छापली तेव्हा ठिपके गोल आणि गुळगुळीत आले. बाईंनी उभ्या छपाईला मान्यता दिली.

२८ मार्च

सुरक्षितता. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक ठरलेली नळी वापरतात, व्यास ३१.७ मिमी. जी वस्तू तिच्यात पूर्ण मावते ती घशात अडकू शकते, म्हणून बाद. आमची मुलं तीनच्या वरची असली तरी वस्तू तोंडाला लावून बघणं त्यांच्यात जास्त काळ चालतं, आणि ते मोडायचं कारण नाही, ओठ आणि जीभ फार तल्लख असतात. म्हणून नळी सगळ्यांना लावली. ठोकळ्याच्या खुंट्या बाद झाल्या. नव्या खुंट्या जाड डोक्याच्या आणि दोरीने ठोकळ्याला बांधलेल्या. दोरी आखूड, गळ्याभोवती येणार नाही इतकी. दोरीचा दुसरा फायदा लगेच दिसला: खुंटी हातातून सुटली तरी हरवत नाही, दोरी धरून मूल ती स्वतः शोधतं.

झाकणात लोहचुंबक घालावेत असा विचार होता. नकोच. लहान चुंबक निसटले आणि एकापेक्षा जास्त गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढतात. झाकणाला वेल्क्रो.

११ एप्रिल

पुस्तक. माझ्या जीवाभावाचा भाग.

स्पर्शपुस्तकात नेहमीची अडचण तीच, चित्र. जिना काढायचा तर आपण नागमोडी रेघ काढतो, बाजूने दिसणारी. मुलाने जिना कधी बाजूने बघितलेला नसतो. त्याचा जिना म्हणजे पाय उचलणं, टेकवणं, पुन्हा उचलणं. म्हणून पानावर कॉर्कच्या खऱ्या पायऱ्या चढत्या उंचीने चिकटवल्या, आणि गोष्टीतलं पात्र पानावर काढलंच नाही. पात्र म्हणजे मुलाची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं. तीच चालतात, पायऱ्या चढतात, वर पोचल्यावर कापडाच्या घसरगुंडीवरून सर्रकन खाली येतात. पुढच्या पानावर दोन दोऱ्यांचा झोपाळा, बोटं त्यावर बसवायची. मग चिखल: आत मऊ स्पंज, वर ताणलेलं रबरी कापड, बोटं रुततात. मग वाळू.

कुलपाची मुलगी आज पुन्हा आली होती. पायऱ्यांच्या पानावर तिची बोटं चढली, वर थांबली. तिने हात सोडून दिला आणि म्हणाली, "दमले." बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी नुसतं पान धरून ठेवलं. थोड्या वेळाने बोटं घसरगुंडीकडे निघाली. घराचं कागदी चित्र जे सांगू शकलं नव्हतं, ते इथे तिला कोणी न सांगता कळलं होतं. माझ्या मते पेटीतली सगळ्यात चांगली वस्तू हीच, आणि तिच्यात दाखवण्यासारखं एकही चित्र नाही. पुस्तक बघायला आलेले डोळस पाहुणे पानं उलटून विचारतात, यात चित्रं कुठायत? त्यांना मी डोळे मिटून बोटं टेकवायला सांगते.

मजकूर पानाच्या तळाशी, ब्रेल आणि मोठी छापील अक्षरं दोन्ही. वाक्यं छोटी. 'पाहिलं', 'दिसलं' असे शब्द काढले नाहीत. बाई स्वतः रोज म्हणतात, "दाखव बघू." मुलांनाही तीच भाषा हवी.

बांधणी तारेची, पान पूर्ण सपाट उघडतं. जाड पानं अर्धवट उघडी राहिली तर एक हात पान दाबण्यात अडकतो, आणि वाचायला दोन्ही हात लागतात.

२ मे

पहिल्या पेट्या घरी द्यायची तयारी. घरी काय होतं ते बाईंनी सांगितलं: प्रेमापोटी सगळे मुलाच्या हातात वस्तू आणून देतात. वस्तू कुठून येते, परत कुठे जाते, त्याला कळतच नाही. जगात वस्तू अधांतरी अवतरतात आणि नाहीशा होतात. म्हणून पेटीला ठरलेले खण, प्रत्येकाच्या तळाला त्या वस्तूच्याच आकाराची खाच. स्टीलचा गोळा फक्त गोल खाचेत बसतो. काढायचा मुलाने, ठेवायचाही मुलाने. आवरणं हा खेळाचाच भाग.

पत्रकाऐवजी ध्वनिफीत देणार आहोत, कारण काही पालकही बघू न शकणारे आहेत. तिच्यात बोलण्याच्या सवयीबद्दल दोन शब्द: 'तिकडे आहे' म्हणू नका, 'तुझ्या उजव्या गुडघ्याजवळ आहे' म्हणा. वस्तू हाताला लागत असतानाच तिचं नाव घ्या, आधी नाही. आणि मूल एखादी वस्तू शांतपणे चाचपत असेल तर गप्प राहा. 'ही काय आहे सांग, हिचा रंग कोणता, अशीच दुसरी कुठाय' असा भडिमार झाला की हात थांबतो.

बाईंनी आज शेवटचा हात फिरवला तेव्हा दोन चुका काढल्या. पुस्तकातल्या झोपाळ्याच्या दोऱ्या एका बाजूला ढिल्या आहेत, बोटं कलंडतात. आणि खणांवरची ब्रेल नावं झाकणाच्या बाजूने वाचायला उलटी पडतात, कारण मूल पेटी मांडीसमोर ठेवून बसतं आणि आम्ही ती टेबलावर धरून लावली. दादा पट्ट्या सोडवतोय. काका उद्या सकाळी नव्या दोऱ्या घेऊन येतील.